नावडत्या कापडाची गोधडी: कापण्याआधी काय तपासायचं आणि कुठे काय लावायचं

इंदूरच्या मराठी घरात कापड मुद्दाम आणावं लागत नाही, ते साठतच जातं. ओटीत आलेले ब्लाउजपीस, आहेराचे शर्टपीस, एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं आणि घरच्या उजेडात डोळ्यांना टोचणारं दोन-अडीच मीटर कापड, कुणीतरी प्रेमाने दिलेली जांभळ्या-पोपटी फुलांची चादर. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. मग एखाद्या दुपारी उत्साहाच्या भरात सगळं कात्रीखाली जातं आणि त्याची गोधडी होते. पहिल्या धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरतो, दुसऱ्या धुण्यात एक पट्टा आक्रसतो आणि शेजारच्या कापडाला चुण्या पडतात. बोल लागतो तो कापडाच्या रूपाला, पण रूपाचा इथे काहीच संबंध नसतो.

चूक क्रमाची असते. आधी कापायचं, मग शिवायचं, मग धुवायचं आणि कापड कसलं होतं ते सर्वांत शेवटी कळायचं. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. पहिल्या चार टप्प्यांत कापण्यासाठी कात्री लागत नाही. तपासणीसाठी कोपऱ्यातला बोटभर तुकडा काढायचा, तेवढंच.

तयारी

जुनी पांढरी सुती ओढणी किंवा धोतराचा तुकडा, एक बादली, कपडे धुण्याची पावडर, काडेपेटी, सांडशी, पाणी घातलेली स्टीलची थाळी, इस्त्री, फूटपट्टी, टेलरचा खडू आणि एक जाड पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या मधोमध 3 इंच लांब-रुंद चौकोनी खिडकी कापून ठेवा. ही खिडकी चौथ्या टप्प्यात लागेल, आणि सगळ्या साहित्यात सर्वांत जास्त उपयोग तिचाच होणार आहे.

मोबाइल हाताशी ठेवा, फोटो काढायचे आहेत.

टप्पा 1: ढीग मांडा आणि कमजोर कापड बाजूला काढा

सगळं कापड एकदाच जमिनीवर मांडा. आज अर्धं आणि उद्या अर्धं असं केलं की तेच कापड दोनदा तपासलं जातं आणि एखादं तपासायचं राहूनच जातं.

प्रत्येक कापड दोन्ही हातांत धरून आधी उभं आणि मग आडवं ओढून पाहा. ‘चर्र’ असा बारीक आवाज आला किंवा धागे विरळ दिसू लागले, तर ते गोधडीच्या वरच्या थरात जाणार नाही, मग कितीही सुंदर असो. मालव्यात घरोघरी सापडणाऱ्या दोन कापडांकडे इथे नीट लक्ष द्या. बाग प्रिंटच्या (धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या ठसेछपाईच्या) जुन्या कापडात लाल भाग शाबूत असतो, पण काळ्या नक्षीच्या रेषेवरच कापड फाटतं. तो काळा रंग लोहापासून केलेला असतो आणि लोह वर्षानुवर्षं सुताला खात राहतं. दुसरं म्हणजे जुनी माहेश्वरी साडी. पारंपरिक माहेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. घडीवर रेशीम आधी विरतं, त्यामुळे कापड एकाच दिशेने फाटत जातं. घडीच्या रेषा टाळून मधले तुकडे वापरा.

काळे ठिपके पडलेलं, कुबट वासाचं कापड उन्हात टाकलं की वास जातो. पण बुरशीने धागा कमजोर केलेला असेल तर तो पुन्हा बळकट होत नाही. असं कापड वेगळं ठेवा, ते थेट शेवटच्या टप्प्यासाठी आहे.

टप्पा 2: धागा कसला आहे ते ओळखा

सर्वांत जास्त फसवतात ते ओटीतले ब्लाउजपीस. ‘टू बाय टू’ या नावाखाली निव्वळ सुतीही मिळतं आणि पॉलिएस्टरचं मिश्रणही. हाताला दोन्ही सारखीच लागतात.

कापडाच्या कडेचा बोटभर तुकडा सांडशीत धरा आणि पाण्याच्या थाळीवर काडीने पेटवा. सुती कापड भराभर जळतं, जळलेल्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ, करडी असते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, काळा धूर सोडतं आणि मागे कडक काळा मणी ठेवतं. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो आणि त्याचा मणी बोटाने चुरडला जातो. मिश्र कापडाला कागदाचा वासही येतो आणि राखेत टोचणारे कणही सापडतात. रेयॉन सुतीसारखंच जळतं. त्याची ओळख दुसरी: ओलं केल्यावर ते हातात लिबलिबीत होतं आणि ओढलं की सहज फाटतं.

सावध: वितळलेलं पॉलिएस्टर थेंबासारखं खाली पडतं आणि कातडीला चिकटतं. तुकडा कधीही बोटांत धरू नका. गॅसच्या शेगडीजवळ नको, पंख्याखाली नको.

आता तीन ढीग करा: निव्वळ सुती, मिश्र आणि पॉलिएस्टर, रेशीम-रेयॉन. अंगावर घ्यायच्या गोधडीत फक्त पहिला ढीग जाईल. दुसऱ्याच्या पिशव्या होतील. तिसऱ्याचं काय करायचं ते तुमच्या हौसेवर. हा लेख त्यात फारसा शिरणार नाही.

एकाच गोधडीत मिश्र आणि सुती लावलं तर काय बिघडतं, असं बऱ्याच जणी विचारतात. इस्त्री सुतीच्या खुणेवर ठेवली की पॉलिएस्टर चमकू लागतं आणि आक्रसतं. इस्त्री कमी केली की सुतीच्या शिवणी बसत नाहीत. शिवाय सुती दर धुण्याला मऊ होत जातं आणि पॉलिएस्टर होतं तसंच राहतं. दोन-तीन वर्षांनी गोधडीवर हात फिरवला तर कुठला चौकोन कुठून आला ते डोळे मिटून सांगता येतं.

टप्पा 3: धुवा आणि रंग सुटतो का ते पाहा

नव्या कापडात खळ असते. ती निघाल्याशिवाय कापड किती आक्रसणार ते कळत नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे 3 ते 5 सेंटिमीटर कमी होणं नेहमीचंच आहे. सगळं सुती कापड गरम पाण्यात, पावडर घालून धुवा. गडद आणि फिकं वेगवेगळं. कापलेल्या कडांचे दोरे निघून गुंता होतो म्हणून धुण्यापूर्वी कडेला मोठा टाका घाला किंवा कोपरे किंचित तिरके छाटा.

धुतलेलं कापड रंग सोडत नाही, असं समजू नका. आता खरी परीक्षा. कोपरा गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. ओला असतानाच तो पांढऱ्या ओढणीच्या दोन पदरांत ठेवून वरून गरम इस्त्री फिरवा. पांढऱ्यावर डाग उतरला तर कापड पुन्हा धुवा आणि पुन्हा तपासा. तीन धुण्यांनंतरही डाग येत असेल तर त्या कापडाला गोधडीत जागा नाही. ते पिशवीच्या अस्तराला चालेल.

नेहमीची चूक: मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, ही समजूत. रंगवून झालेल्या सुती कापडावर याचा उपयोग होत नाही. रंगवताना मिठाचं काम असतं, रंग कापडाकडे ढकलण्याचं. नंतर नाही. सुटणारा रंग काढायला गरम पाणी, साबण आणि पुन्हापुन्हा धुणं, एवढाच मार्ग आहे. म्हणूनच लाल, मरून, गर्द निळं आणि काळं कापड एक दिवस आधीच धुवायला घ्या.

उज्जैनजवळच्या भेरूगढचं बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, असेल तर त्यात मेण उरलेलं असू शकतं. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून इस्त्री करा. कागदावर तेलकट डाग आला की कागद बदला आणि डाग येईनासा होईपर्यंत करत राहा. मेण राहिलेल्या कापडात सुई अडकते आणि मशीनचा टाका चुकतो.

तपासा: या टप्प्यानंतर प्रत्येक कापड धुतलेलं, वाळलेलं आणि इस्त्री केलेलं हवं. एकही ‘नंतर बघू’ मागे ठेवू नका.

टप्पा 4: नावडतं आहे, पण का?

इथे घाई होते आणि पुढचं सगळं इथेच ठरतं. ‘हे कापड घाणेरडं दिसतं’ एवढ्यावर थांबू नका. कारण नेमकं कळलं की उपाय समोरच दिसतो.

पुठ्ठ्याची खिडकी कापडावर ठेवा आणि हळूहळू सरकवा. मोठ्या नक्षीची चादर बहुतेक वेळा इथेच निकालात निघते. चादरभर पसरलेली जांभळी फुलं असह्य असतात, पण 3 इंचांच्या खिडकीत कधी नुसती जांभळी छटा दिसते, कधी पानाची वळलेली कड. नक्षी नाहीशी होते आणि रंग उरतो. म्हणजे या कापडाचा दोष त्याच्या आकाराचा होता. ते बारीक कापायचं.

खिडकीतही डोळ्यांना टोचत असेल तर दोष रंगाचा. मग उलटी बाजू पाहा. छापील सुती कापडाची मागची बाजू बहुधा एक-दोन छटांनी फिकी असते आणि भडक पुढच्या बाजूपेक्षा कितीतरी शांत दिसते. उलटी बाजू वर ठेवून शिवायला कुणाची हरकत नाही. मला तर काही बुट्टीदार कापडं उलटीच आवडतात. मागची बाजूही भडक असेल तर रंगवायचं (टप्पा 6).

तिसरी शक्यता: कापड ना भडक ना मोठ्या नक्षीचं, नुसतं मळकट. ना फिकं ना गडद, खिचडी रंगाचं. याला वाईट समजून बाजूला टाकतात आणि मग गोधडीत सगळेच रंग ओरडायला लागतात. गप्प बसणारं कापड प्रत्येक गोधडीला लागतं. ते जपून ठेवा.

चौथी: कापड एकटं बरं असतं, पण शेजारी चुकीचा असतो. पोपटी कापड केशरीजवळ दुखतं, पण गर्द निळ्याजवळ ताजं वाटतं. ठरवण्यापूर्वी निदान चार वेगळ्या शेजाऱ्यांजवळ ठेवून पाहा.

आणि पाचवी: चमक किंवा पोत. चमकणारं, चुरचुरीत, जरीचं. यावर गोधडीत उपाय नाही. पिशवीच्या ढिगात टाका.

यानंतर सगळी सुती कापडं शेजारी-शेजारी घडी घालून लावा, फोटो काढा आणि मोबाइलमध्ये तो काळा-पांढरा करा. फिकं, मध्यम आणि गडद असे तीन गट एका नजरेत कळतील. रंगीत फोटोत जे वेगळे वाटत होते ते लाल आणि हिरवा काळ्या-पांढऱ्या फोटोत एकसारखे करडे दिसतात. असे दोन शेजारी लावले की नक्षी दिसतच नाही, मेहनत वाया जाते. तिन्ही गटांत कापड हवं. फिकं कमी पडलं तर मांजरपाट आणा. इंदुरात सीतलामाता बाजाराच्या आसपास सहज मिळतं. तेही धुऊनच घ्यायचं, आणि त्यात खळ भरपूर असते म्हणून दोनदा.

टप्पा 5: जागा ठरवा, मग कात्री उचला

गोधडीत नावडत्या कापडाला चार जागा आहेत: वरच्या थरात बारीक तुकड्यांच्या रूपात, वरच्या थराच्या खाली आधाराचं कापड म्हणून, मधल्या थरात आणि मागे अस्तर म्हणून. मोठं, सलग, भरगच्च नक्षीचं कापड अस्तराला. पातळ, मऊ, धुऊन विरविरीत झालेलं पण अजून टिकाऊ कापड आधाराला किंवा मधल्या थरात. बाकीचं वर.

प्रत्येक कापडावर टाचणीने चिठ्ठी लावा: ‘अस्तर’, ‘मधला’, ‘पट्ट्या’, ‘रंग’. पोरकट वाटेल, पण आठवड्याने काम पुन्हा हातात घ्याल तेव्हा याच चिठ्ठ्या कामाला येतील.

सावध: अस्तराचं कापड आधी मोजून बाजूला काढा. लोक वरच्या तुकड्यांसाठी सगळ्या कापडांतून कापत सुटतात आणि शेवटी अस्तरालाच कापड उरत नाही.

टप्पा 6: रंगवायचं असेल तर

फक्त निव्वळ सुती. पॉलिएस्टर हा रंग घेणार नाही, मिश्र कापड अर्धवट घेईल. रंग पारदर्शक असतो, म्हणजे जुना रंग झाकत नाही, त्यात मिसळतो. गुलाबीवर निळा टाकला की जांभळा होतो, पिवळ्यावर निळा टाकला की हिरवा, केशरीवर निळा टाकला की मातकट तपकिरी. नक्षी राहतेच, फक्त सगळ्या छटा एका घरच्या होतात. फिकं कधीच होत नाही. भडक कापडांच्या गठ्ठ्याला करडा, गर्द निळा किंवा चॉकलेटी हे तीन रंग सहसा दगा देत नाहीत.

उकळून लावायच्या साध्या पुडीचा रंग नंतर सुटत राहतो. गोधडीसाठी थंड पाण्यातले रिअॅक्टिव्ह रंग घ्या. पाकिटावर वेगळं काही लिहिलेलं असेल तर ते पाळा, नाहीतर साधारण प्रमाण असं: 100 ग्रॅम कोरड्या कापडाला 2 ते 3 ग्रॅम रंग, 2 लिटर पाणी, 100 ग्रॅम मीठ आणि 20 ग्रॅम धुण्याचा सोडा. सोडा कोरड्या भुकटीचा हवा. पारदर्शक खडे असतील तर त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून खडे अडीचपट ते पावणेतीनपट घ्यावे लागतात. खाण्याचा सोडा चालत नाही.

क्रम असा. कापड साध्या पाण्यात पूर्ण भिजवून पिळा. रंग थोड्या पाण्यात गुठळी न राहता कालवा आणि बादलीत घाला. त्यात कापड बुडवा आणि हलवा. पंधरा मिनिटांत दोन-तीन वेळा करून मीठ घाला. आणखी वीस मिनिटांनी कापड बाहेर काढा, वेगळ्या भांड्यात विरघळवलेला सोडा बादलीत ओता, ढवळा आणि मगच कापड पुन्हा आत. तासभर अधूनमधून हलवत राहा. मग गार पाण्याने खळबळा आणि शेवटी कडक गरम पाण्यात साबणाने धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत.

सोडा थेट कापडावर टाकला की तिथे डाग बसतो. बादली लहान असली की कापडाच्या घड्यांत पट्टे पडतात. आणि पाणी: बोअरिंगच्या जड पाण्यात रंग असमान बसतो, म्हणून नळाला नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी हे काम काढा. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचं पाणी मुळातच कोमट असतं, रंगाला तेवढं पुरतं. डिसेंबरमध्ये गरम पाणी मिसळून हाताला कोमट लागेल इतकं करा.

सावध: रंगाची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, नाकाला फडकं बांधा, हातमोजे घाला. रंगाची भांडी परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. आणि ब्लीचने रंग उडवायचा मोह झालाच तर ते फक्त सुतीवर, पातळ करून, उघड्यावर. रेशीम त्यात विरघळून जातं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं आम्ल चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

रंगवलेल्या कापडाला टप्पा 3 ची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. सूट नाही.

टप्पा 7: वरचा थर, पट्ट्यांचे चौकोन

नावडतं कापड मुरवायला पट्ट्यांच्या चौकोनासारखी दुसरी रीत नाही. इथे आधाराचं कापडही नावडतंच वापरता येतं, कारण ते कधी दिसत नाही.

1. आधारासाठी पातळ सुती कापडाचे साडेसहा इंचांचे चौकोन कापा. उभ्या-आडव्या धाग्यात सरळ कापा, उरेब (धाग्याला तिरकं) नको.
2. वरच्या पट्ट्या 1 ते 2 इंच रुंद ठेवा. सगळ्यांत भडक कापडाच्या पट्ट्या सव्वा इंचाहून रुंद नकोत. शिवणीत दोन्हीकडे पाव इंच गेल्यावर पाऊण इंचच दिसतो, आणि पाऊण इंचात भडक रंग खुलतो.
3. पहिली पट्टी सुलट बाजू वर करून चौकोनावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवा.
4. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी ठेवा, कडेला कड लावून पाव इंचावर शिवा, उलगडा आणि इस्त्री दाबा. फिरवू नका, दाबा. फिरवली की पट्टी ओढली जाते.
5. दोन्ही कोपरे झाकले जाईपर्यंत असंच पुढे जा. मग चौकोन पालथा करून आधाराच्या कडेला धरून जास्तीचं कापड छाटा.

शिवून जोडल्यावर चौकोन 6 इंचांचा राहतो. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीला असे 150 लागतात: रुंदीत 10, लांबीत 15.

आधाराला कागदही लावतात. मग वर्तमानपत्र टाळा, इस्त्रीच्या उष्णतेने शाई फिक्या कापडावर उतरते. कोरा पातळ कागद घ्या, टाका बारीक ठेवा आणि सगळे चौकोन एकमेकांना जोडून झाल्यावरच कागद फाडा. पट्ट्या तिरक्या असल्यामुळे कडा उरेब असतात. कागद आधी काढला तर त्या ताणल्या जातात आणि गोधडी कडेला लाटेसारखी होते.

आता मांडणी. प्रत्येक चौकोनात एक पट्टी सारखी ठेवा, मधली. सगळ्या 150 चौकोनांत तीच गर्द निळी किंवा मांजरपाटाची. नाना तऱ्हेच्या कापडांना एकत्र धरून ठेवण्याचं काम ही एक पट्टी करते. ती नसली की चिंध्या जोडल्यासारखं दिसतं. चौकोन जमिनीवर मांडून पुन्हा काळा-पांढरा फोटो काढा. एकाच कोपऱ्यात सगळं गडद गोळा झालेलं फोटोत लगेच दिसतं.

नेहमीची चूक: नावडतं कापड एखाद-दुसऱ्या जागीच ‘खपवणं’. मग ते एकटं पडतं आणि तिथेच नजर जाते. दहा-पंधरा ठिकाणी विखरून लावा.

टप्पा 8: मधला थर

मधल्या थरात काहीही चालतं, या समजुतीने गोधडी बिघडते. तीन गोष्टी पाहा.

आरपार दिसतं का? वरच्या थराखाली ते कापड धरून खिडकीसमोर उभे राहा. फिक्या वरच्या कापडाखालून गडद नक्षी डोकावली तर ते खाली सरकवा आणि त्यावर जुन्या पांढऱ्या साडीचा पदर घाला.

सुई जाते का? घट्ट विणीची चादर, पॉपलिन, जाड पडद्याचं कापड यातून हाताची सुई रेटावी लागते. चार थर एकावर एक ठेवून दहा टाके घालून पाहा. पाचव्या टाक्यालाच बोट दुखू लागलं तर पूर्ण गोधडीभर दुखेल.

जोड कसा आहे? मधल्या थराचे तुकडे एकमेकांवर चढवू नका. कडेला कड भिडवा आणि सैल कच्च्या टाक्याने धरा. चढवलेल्या जागी उंचवटा येतो, तिथे सुई मोडते आणि पुढे वरचं कापड तिथेच आधी झिजतं.

टप्पा 9: अस्तर आणि कडा

भरगच्च नक्षीचं नावडतं कापड अस्तराला उत्तम, कारण वाकडे टाके आणि दोऱ्याच्या गाठी त्यात हरवतात. साध्या एकरंगी अस्तरावर प्रत्येक चूक मोजता येते.

अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी 3 इंच मोठं ठेवा. जोडायचं असेल तर आधी किनार कापून टाका. किनारीची वीण घट्ट असते, धुतल्यावर ती आखडते आणि जोड चुणतो. जोड बरोबर मध्यावर नको. गोधडीची घडी तिथेच पडते आणि शिवण झिजते.

थर मांडताना: अस्तर उलटी बाजू वर करून जमिनीवर ताणून चिकटवा, त्यावर मधले थर, त्यावर वरचा थर. कच्चे टाके मधून बाहेरच्या दिशेने, ओळींत एक वीत अंतर ठेवून. मग धावदोरा, तोही मधूनच सुरू. कडेकडून सुरुवात केली तर सगळा झोल मध्यभागी गोळा होतो.

आता ती चूक जी जवळपास सगळेच करतात. आपल्याकडे अस्तराची उरलेली कड वर दुमडून तीच गोठ म्हणून शिवायची पद्धत आहे. अस्तराला नावडतं कापड लावलं असेल तर तेच आता चारही बाजूंनी चौकटीसारखं समोर येतं. म्हणून अशा वेळी अस्तर बरोबरीत छाटा आणि वेगळ्या, शांत कापडाची अडीच इंची पट्टी दुहेरी दुमडून गोठ लावा. सरळ कडांना उरेब पट्टीची गरज नाही, कोपरे गोल असतील तरच ती घ्या.

टप्पा 10: गोधडीत न जाणारं कापड

मिश्र आणि पॉलिएस्टरच्या ब्लाउजपिसांची मी भाजीची पिशवी करते. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला ती बरी पडते, आणि ब्लाउजपीस एकदाचा फिरायचा थांबतो. पीस 80 सेंटिमीटर लांब आणि 36 इंच पन्ह्याचा असेल तर 17 इंच रुंद, 36 इंच लांब पट्टी कापा. उरलेल्या भागातून बंदांसाठी 4 इंच रुंद, 26 इंच लांब दोन पट्ट्या निघतात. बंद चौपदरी दुमडून शिवा. मोठ्या पट्टीच्या दोन्ही टोकांना दीड इंच दुमड, त्यात बंद अडकवून चौकोनी फुलीचा टाका. मग पट्टी मध्यावर दुमडून दोन्ही बाजू शिवा. सुमारे 16 बाय साडेसोळा इंचांची पिशवी होते. कापड पातळ असेल तर आत रंग सोडणाऱ्या त्या कापडाचं अस्तर लावा, ते नाहीतरी पडूनच आहे. ती पिशवी मात्र भिजू द्यायची नाही. क्रम विसरू नका: बंद आधी, बाजू नंतर. उलट केलं की तोंड मशीनखाली सपाट बसत नाही.

नावडतं सुती कापड नमुन्याच्या ब्लाउजसाठीही ठेवावं. महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी कटोरीचं माप यावर बेतून बघा. वीण मात्र साधारण सारखी हवी, ताणल्या जाणाऱ्या कापडावर बेतलेलं माप सुतीवर घट्ट होतं.

मशीनच्या खणात मूठभर तुकडे कायम असू द्या. प्रत्येक शिवण आधी चिंधीवर सुरू करायची आणि तिथून न थांबता खऱ्या कापडावर जायचं. सुरुवातीचा दोऱ्याचा गुंता चिंधीत अडकतो आणि ताण बरोबर आहे की नाही तेही कळतं.

टप्पा 11: उरलेल्या चिंध्या

टाके न पेलणाऱ्या चिंध्या भरणीत जातात: दाराखालची फट बुजवायची नळी, बसायचं जाड आसन, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी थंडीतलं अंथरूण. चिंध्या इंचापेक्षा मोठ्या ठेवू नका, नाहीतर गोळे होतात. टाचण्या, हुक आणि जरीचे धागे आधी काढा. कापसाच्या मानाने चिंध्यांची भरण बरीच जड होते, म्हणून डोक्याखालची उशी यातून करू नका. ओली झाली की आतून वाळतही नाही. मांजरपाटाची आतली खोळ पूर्ण शिवून टाका, वर चेनचा अभ्रा घाला आणि धुवायला फक्त अभ्रा काढा. उन्हाळ्यात खोळ गच्चीवर दोन दिवस उलटसुलट करून तापवा.

दोऱ्याची टोकं, वितळलेले मणी आणि जरीचे तुकडे सकाळच्या गाडीच्या सुक्या कचऱ्यात. पुढच्या खेपेसाठी ठेवायचं ते कापड तीनच पिशव्यांत ठेवा: धुतलेलं सुती, न धुतलेलं सुती, मिश्र. दुसऱ्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘धुतलेलं नाही’ असं लिहा.